जहाजावर डावं-उजवं का म्हणत नाहीत?

सिंगापूरबाहेर नांगर टाकून आमचं मालवाहू जहाज धक्क्याची वाट पाहतंय. थोडी सवड आहे, म्हणून नाशिककडून हमखास येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहितो.

माणूस वळला की त्याची डावी बाजूही वळते, जहाजाची वळत नाही. पंचवटी कुठूनही पाहा, ती गोदावरीच्या डाव्या तीरावरच, कारण तीर प्रवाहाच्या दिशेनं ठरतात. जहाजाचं मागचं टोक स्टर्न, पुढचं बो. बोच्या दिशेनं तोंड केलं की डाव्या हाताला पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. समोर दोन्ही दिवे एकदम दिसले की ते जहाज थेट आपल्यावर येतंय. अशा वेळी दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं, हा जगभरचा नियम.

सामुद्रधुनीतल्या गर्दीत सुकाणू हाती घ्यावं लागतं. कॅप्टन ‘पोर्ट टेन’ म्हणाले की फिलिपिनो खलाशी आधी ‘पोर्ट टेन’ परत म्हणतो, चाक फिरवतो, आणि सुकाणू दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगतो. सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी म्हणून माझी नजर तोवर सुकाणूचा कोन दाखवणाऱ्या काट्यावर. नवख्याला ही पोपटपंची वाटेल, मला मात्र या पेशात सगळ्यात मोलाची हीच शिस्त वाटते. १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर हुकूम सुटला ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ आणि जहाज वळलं पोर्टला! तेव्हाच्या रीतीनं ते बरोबरच होतं. हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे, आणि दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळतं. १९३०च्या दशकात ही रीत बदलली. आता जी बाजू बोलाल, तिकडेच जहाज वळतं.

माझा वॉच, म्हणजे कामाची पाळी, बारा ते चार, दुपारी आणि मध्यरात्रीही. पहाटे चारला गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, चहा करून घेतो. मेसमध्ये जेवताना ज्याची त्याची भाषा चालते. कामाला लागलो की मात्र सगळ्यांची इंग्रजी एकच, मोजक्या ठरीव वाक्यांची. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं ती २००१ साली मंजूर केली आहेत.

आई, आग लागली तर काय करता, असं तू विचारतेस. सात छोटे आणि एक लांब भोंगा होतो. लाइफजॅकेट घेऊन प्रत्येक जण आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी पोचतो, तिथे हजेरी होते, मग नेमून दिलेल्या कामाला. याचा सराव आम्ही दर महिन्याला करतो.