आतला रंग

रक्तचंदन आणि ढोकरी यांची तुलना करावी असं काही कारण नाही. एक आंध्रातल्या शेषाचलमच्या आणि आसपासच्या खडकाळ डोंगरांत अडकून पडलेलं झाड. दुसरी म्हणजे बगळ्यांच्या कुळातला एक पक्षी, पाय बुडेल एवढं पाणी दिसलं की देशात कुठेही हजर असणारी. डबकं, भातखाचर, सांडपाण्याचा नाला, तिला काहीही चालतं. पण दोघांची एक खोड सारखी आहे: रंग लपवायची.

ढोकरी काठावर मान आखडून बसली की चिखलातलं ढेकूळच. पाठ मातकट, छातीवर तपकिरी रेघा. आपण अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही. आपण कुणाला दिसत नाही अशी तिची खात्री असते, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. मग एकदम उडते आणि उघडलेले पंख पांढरेशुभ्र! पलीकडे उतरून पंख मिटले की पुन्हा ढेकूळ.

रक्तचंदन बाहेरून काळपट, चौकोनी भेगा पडलेल्या सालीचं. नावात चंदन, पण सुवास नाही. लाल रंग आहे तो गाभ्यात, आणि गाभा भरायला काही दशकं लागतात. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. हा रंग बघायचा तर कुऱ्हाडच लागते, आणि हौशी थोडे नाहीत. चीनमध्ये त्याचं फर्निचर होतं, जपानमध्ये शामिसेन या वाद्याची दांडी. बाकीचं काम तस्कर करतात.

गंमत अशी, की विणीच्या दिवसांत ढोकरीच्या पाठीवरही गर्द किरमिजी पिसं येतात, थेट त्या गाभ्याच्या जातकुळीची. ती उघड्यावर मिरवते. तिला परवडतं, कारण आज त्या पिसांना गिऱ्हाईक नाही. तिच्याच कुळातल्या पांढऱ्या बगळ्यांच्या पिसांना मात्र होतं. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी ते इतके मारले गेले, की १९०२मध्ये ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानातून पिसांची निर्यात बंद करावी लागली. पुढे फॅशनही बदलली. बगळे सावरले, कारण दर हंगामाला घरट्यात नवी पिल्लं होतीच.

रक्तचंदनाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. तरी उद्या एकूणएक गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं, तरी आज तोडलेल्या झाडाच्या जागी तसा गाभा बघायला आपल्यातले किती जण असतील, शंकाच आहे.