बांधावरचा मुलगा

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर तिथल्याच अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावफळीचं काम बघतो. सामन्याच्या वेळी माझी जागा असते प्रेक्षकांच्या डोक्यावर, प्रेस बॉक्समध्ये, कानाला हेडसेट लावून. खाली उभं राहिलं की माणसं दिसतात, वरून माणसांमधली अंतरं दिसतात. त्या शुक्रवारी मला ती दिसायला फार वेळ लागला.

समोरचा संघ चेंडू हातात घेऊन पळणारा. म्हणून आम्ही आठवडाभर कव्हर थ्री ही बचावाची मांडणी घोटून घेतली होती. यात मैदानाच्या खोल भागाचे तीन उभे पट्टे करायचे आणि कडेचे दोन बचावपटू म्हणजे कॉर्नर आणि सगळ्यात मागचा एक, सेफ्टी, असे तिघं ते वाटून घेतात. त्यांच्या पुढे चौघं, आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जायला चौघं. दुसरा सेफ्टी पुढे आणता येतो, त्यामुळे पळणाऱ्याला अडवायला आठ जण मिळतात. हा पुढे आणलेला सेफ्टी म्हणजे आमचा अकरावीतला एक मुलगा. अंगानं बारीक, पण चेंडू कुठे पडणार याचा अंदाज पक्का.

कव्हर थ्री हा झोनचा प्रकार, म्हणजे माणूस नाही, आपल्या वाट्याची जागा राखायची. झोनवर माझा जीव आहे. अमेरिकेत आलो त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, २६ जानेवारी २००३ ला, सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, बघायला बसलो होतो. खेळ धड कळत नव्हता. टॅम्पा बेनं ओकलंडचे पाच पास मधल्यामधे उचलले, त्यातले तीन थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गुण मिळणाऱ्या शेवटच्या पट्ट्यापर्यंत, नेले आणि सामना ४८-२१ नं जिंकला. ओकलंडचा क्वार्टरबॅक रिच गॅनन त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी त्याची ही गत. पुढे कळलं की हा ‘टॅम्पा टू’चा महिमा. दोन सेफ्टी मागे, त्यांच्यामधली पोकळी बुजवायला दुसऱ्या फळीतला मधला बचावपटू, लाइनबॅकर, उलटा मागे पळतो, आणि सगळ्यांची नजर क्वार्टरबॅकवर. मॅन-टू-मॅनमध्ये बचाव करणारा आपल्या माणसाच्या मागे पळतो, त्याची पाठ चेंडूकडे असते. झोनमध्ये सातही जण चेंडू सुटताना बघतात. झोनची खरी ताकद ती.

पहिल्या डावात, म्हणजे पहिल्या बारा मिनिटांत, सगळं ठरल्यासारखं झालं. ते पळाले, आम्ही आठ जणांनी अडवलं. दुसऱ्या डावात चेंडू डाव्या हॅशवर, म्हणजे खेळ जिथून सुरू करतात त्या दोन खुणांच्या रेषांपैकी डाव्या रेषेवर, आला आणि खेळ फिरला.

हायस्कूलच्या मैदानाची रुंदी १६० फूट, आणि हॅशच्या दोन रेषा तिचे बरोबर तीन समान भाग करतात. व्यावसायिक मैदानावर या दोन रेषा एकमेकींपासून साडेअठरा फुटांवर असतात, आमच्याकडे त्रेपन्न फुटांवर. म्हणजे चेंडू डाव्या हॅशवर असला की उजवीकडे शंभर फुटांच्या वर मोकळं रान. त्यांनी पास झेलणारे तीन रिसीव्हर त्या बाजूला नेले. एक सरळ खोल पळाला आणि आमच्या कॉर्नरला बरोबर घेऊन गेला. दुसरा बारा-तेरा यार्डांवर बाहेर वळला. तिसरा खेळ सुरू होतो त्या रेषेच्या पुढ्यातूनच कडेला सरकला. याला फ्लड म्हणतात. मधला, म्हणजे बाहेर वळलेला, आणि पुढचा, म्हणजे कडेला सरकलेला, असे दोघंही माझ्या त्या बारीक मुलाच्या वाट्याला आले.

तो मधल्याकडे गेला, पास पुढच्याला. पुढच्या खेपेला पुढच्यावर धावला, पास डोक्यावरून मधल्याला. चौदा यार्ड. मी वहीत त्याच्या नंबरापुढे लिहिलं, ‘उशीर’. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच. हेडसेटमध्ये खालून आरडाओरडा, “तो कुठे होता? झोपलाय का?” प्रेक्षकांतूनही त्याच्या नंबराचा उद्धार चाललेला.

चौथ्या वेळी मी चेंडूकडे बघितलंच नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू खेळात आला, तो तीन पावलं मागे गेला, पंजांवर थांबला. दोन्ही रिसीव्हर त्याच्या कक्षेत आले. त्याची मान उजवीकडे गेली, परत सरळ झाली. डाव्या पायावरचं वजन उजव्या पायावर गेलं, एवढंच. तेवढ्यात क्वार्टरबॅकचा खांदा वळला. टचडाउन. मुलगा मात्र आम्ही कागदावर खूण केलेल्या जागी तंतोतंत उभा होता. उशीर त्याचा नव्हता. एका माणसाला दोन माणसं आम्ही दिली होती.

आमच्या गावाकडे दोन शेतांमधल्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. झोनलाही असे बांध असतात आणि हुशार क्वार्टरबॅक चेंडू नेमका तिथेच टाकतो. बांधाजवळ जो उभा, लोकांच्या नजरेत चोर तो.

हाफटाइमला मुलगा हेल्मेट न काढताच बाकावर बसला होता. मी टॅब्लेटवर तो खेळ लावला आणि त्याच्या शेजारी बसलो. “तुझी जागा बरोबर होती,” म्हटलं.

“मग मी कोणाकडे जायला हवं होतं, कोच?”

कव्हर थ्रीत याला पूर्ण बरोबर उत्तर नाही. त्यातल्या त्यात बरं उत्तर आहे. लांबचा आणि क्वार्टरबॅक यांच्या मध्ये राहायचं, जवळचा पास होऊ द्यायचा आणि मग धावत येऊन तिथल्या तिथे पाडायचं. चार यार्ड गेले तर गेले, चौदा जाऊ द्यायचे नाहीत. हे आठवडाभरात मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. तसं त्याच्यापाशी कबूल केलं. मग मुख्य कोचना जाऊन सांगितलं, तेही सगळ्यांसमोर, कारण ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं.

ते म्हणाले, कव्हर टू लावू. मी विरोध केला. कव्हर टूत कॉर्नर पुढे थांबतो, कडेचा छोटा पास बंद होतो, हे खरं. पण मागे दोघंच सेफ्टी. कॉर्नरच्या मागे आणि सेफ्टीच्या पुढे, कडेच्या रेषेला लागून एक भोक राहतं, आणि रुंद बाजूला ते बुजवायला सेफ्टीला फारच लांब पळावं लागलं असतं. शेवटी रुंद बाजूला क्वार्टर्स नावाची मांडणी ठरली. कॉर्नर खोल जाणाऱ्याला धरेल, मागचा सेफ्टी दुसऱ्या रिसीव्हरवर नजर ठेवून तो बाहेर वळला की त्याच्यावर झेपावेल, आणि आमच्या मुलाकडे एकच माणूस, कडेला सरकणारा. तिघांना तिघं.

तिसऱ्या डावात फ्लड पुन्हा आला. क्वार्टरबॅकनं खोल बघितलं, मध्ये बघितलं, कडेला बघितलं. कुठेच कोणी मोकळं नाही. आमच्या पोरांनी त्याला चेंडूसकट खाली पाडलं. मी बॉक्समध्ये एकटाच टेबलावर हात आपटत होतो.

याची किंमत लगेच मोजावी लागली. पळणाऱ्याला अडवायला आता एक माणूस कमी. त्यांनी पास टाकणं सोडून दिलं. पाच यार्ड, चार, पुन्हा पाच. घड्याळ संपत गेलं आणि आम्ही २१-१७ असे हरलो. माझा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. ते पास आणखी दोन वेळा लागले असते तर सामना चौथ्या डावापर्यंत पोचलाच नसता.

घरी जाऊन वहीतला तो ‘उशीर’ खोडला आणि त्यावर माझ्या नावाची आद्याक्षरं लिहिली.

शनिवारी सकाळी सगळे व्हिडिओ बघायला जमलो. तो मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. चौथ्या फ्लडवर त्यानं हात वर केला, चित्र थांबवायला लावलं, उठून पडद्याजवळ गेला आणि स्वतःच्या पायांवर बोट ठेवलं.

“इथे मी चार पावलं जास्त मागे उभा असतो,” तो म्हणाला, “तर दोघांना पुरलो असतो का?”

दिवे लावले, फळ्यावर मैदान काढलं, आणि आम्ही दोघं अंतरं मोजायला लागलो.