तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोट माझ्याकडे आला असता तर

कोल्हापुरात मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो हे कळले, की सिनेमाची आवड असणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: ‘के-पॅक्स’मधला प्रोट तुमच्याकडे आला असता, तर तुम्ही काय केले असते? इयन सॉफ्टली यांनी दिग्दर्शित केलेल्या २००१ सालच्या या चित्रपटात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर पोलिसांना प्रोट नावाचा हा माणूस सापडतो. आपण के-पॅक्स नावाच्या ग्रहावरून आलो आहोत, असे तो अतिशय शांतपणे सांगतो आणि मनोरुग्णालयात डॉ. पॉवेल यांच्यासमोर बसून सालीसकट केळे खातो. केव्हिन स्पेसी आणि जेफ ब्रिजेस यांची ही जुगलबंदी मला मनापासून आवडते.

तो खरे बोलतो आहे की खोटे, याचा निवाडा मी केला नसता. एखाद्याच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही, एवढ्यावरून तो आजारी ठरत नाही. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर, गुलालात न्हालेल्या सासनकाठ्यांच्या गर्दीत, एखाद्या बाईच्या अंगात येते तेव्हा भोवतालचे लोक तिला नमस्कार करतात आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या घरी नेहमीसारखी भाकरी थापत असते. तो तिच्या समाजाचा सामायिक व्यवहार आहे, आणि भ्रमाची व्याख्या करताना आमचे शास्त्रही अशा सामायिक श्रद्धांना बाजूला ठेवते. माणूस आपल्या समजुतीपायी एकटा पडत चालला असेल, त्याची झोप, जेवण, कामधंदा सुटत असेल, तर मात्र माझे काम सुरू होते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रसंग सांगतो. गडहिंग्लज भागातले एक शेतकरी आपल्या तरुण मुलाला घेऊन आले होते. “आवो डॉक्टर, रातभर ह्यो टावरकडं बघत हुबा असतोय,” एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली. गावच्या मोबाईल टॉवरवरून दुसऱ्या जगाचे निरोप आपल्याला येतात, अशी मुलाची खात्री होती. घरच्यांनी त्याला समजावले होते, दटावले होते, देवऋषीकडेही नेले होते, आणि दरवेळी तो अधिकच घट्ट मिटत गेला होता. मी निरोपांचा विषयच काढला नाही. झोप लागते का, एवढेच विचारले. “झोपलो तर निरोप चुकंल,” तो म्हणाला. म्हणजे फार दमायला होत असेल, असे मी म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. त्या थकव्यावर आम्ही दोघे सहमत होतो, आणि पुढे औषध घेण्याचे त्याने मान्य केले ते झोपेसाठी.

डॉ. पॉवेल यांच्याबद्दलची माझी तक्रार इथेच आहे. ते प्रोटला संमोहित करून त्याच्या भूतकाळात उतरतात. तिथे रॉबर्ट पोर्टर नावाचा, पत्नी आणि मुलगी यांच्या हत्येने उद्ध्वस्त झालेला माणूस त्यांना सापडतो. पटकथा म्हणून हे प्रभावी आहे. उपचार म्हणून मला ते धोक्याचे वाटते. संमोहनात निघालेल्या आठवणी खऱ्याच असतात असे नाही, आणि एवढ्या भयंकर आघातापासून ज्या आडोशाने माणसाला वाचवले, तो आडोसा, प्रोटने सांगितलेली परतीची तारीख जवळ आली म्हणून, घाईघाईने पाडायचा नसतो. मी आधी शरीराची तपासणी केली असती, कारण अपस्मार, मेंदूतील गाठ, थायरॉइडचे विकार किंवा नशेचे पदार्थ यांमुळेही माणूस असे बोलू लागतो. मग नातेवाइकांचा शोध घेतला असता, आणि भूतकाळ त्याच्या गतीने येऊ दिला असता.

एलिसेओ सुबिएला यांच्या १९८६ सालच्या एका अर्जेंटिनी चित्रपटातही असाच रुग्ण आहे. रांतेस नावाचा तो माणूस रुग्णालयाच्या आवारात आग्नेयेकडे तोंड करून उभा राहतो आणि डॉ. डेनिस यांच्या डोळ्यांदेखत औषधांच्या माऱ्याखाली विझत जातो. तो मला अधिक प्रामाणिक चित्रपट वाटतो, कारण डॉक्टरांच्या हातची सत्ता त्यात लपवलेली नाही.

एका गोष्टीत मात्र मी जराही वाट पाहिली नसती. प्रोट आपल्या ग्रहावर परतण्याची तारीख सांगतो, २७ जुलै, आणि वेळही नेमकी सांगतो. प्रेक्षकाला त्यात कुतूहल वाटते. मला ती तारीख ऐकताच धास्ती वाटते. परत जायचे आहे, बोलावणे आले आहे, असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मरण असू शकतो, म्हणून मी त्याच बैठकीत त्याला स्पष्ट शब्दांत विचारले असते, की जाताना हे शरीर इथेच ठेवून जाणार का, जीव द्यायचा विचार मनात आहे का. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती नातेवाइकांना फार असते, पण तसे होत नाही. उलट अनेकांना कोणीतरी विचारले म्हणून हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आले असते, तर ती तारीख उलटून जाईपर्यंत, आणि त्यानंतरही काही दिवस, मी त्याला एकटे राहू दिले नसते.