चाकाखालचा दगड

फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यातला पहिलाच कागद माझ्या पक्षकाराच्या विरोधात होता. जानेवारी 2020 मध्ये, ऐन गळिताच्या हंगामात, रात्री पावणेनऊच्या सुमारास चौतीस वर्षांचा हा गवंडी कामावरून मोटारसायकलने घरी परतत असताना उसाने भरलेल्या डबल ट्रॉलीवर मागून आदळला. उजव्या मांडीचे हाड मोडले, गुडघ्याची वाटी फुटली, मिरजेला दोन शस्त्रक्रिया झाल्या. आणि तो शुद्धीवर येऊन जबाब देण्याआधीच पोलिसांनी सरकारतर्फे त्याच्याच विरुद्ध गुन्हा नोंदवला होता. फिर्यादीतील भाषा नेहमीचीच होती. आरोपीने आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून पुढे जात असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली व स्वतःच्या दुखापतीस कारणीभूत झाला, असे तिच्यात लिहिले होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाई मागायची असेल, तर समोरच्या वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. जखम कितीही मोठी असली, तरी चूक सर्वस्वी जखमीचीच ठरली तर हातात काहीच पडत नाही. चुकीचा प्रश्न न विचारता मिळणारी रक्कम त्या वेळी कलम 140 मध्ये होती, पण ती कायम अपंगत्वासाठी अवघी 25,000 रुपये. (1 एप्रिल 2022 पासून ते कलम गेले आणि कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू लागले, आमचा अपघात त्याआधीचा.) मोटारसायकलच्या पॉलिसीबरोबर मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा होता, म्हणून घरच्यांना फार आशा होती. तो विमा मृत्यू झाला, अवयव गेला किंवा माणूस पूर्णपणे निकामी झाला तर पैसे देतो. याचा पाय शाबूत होता, फक्त गुडघा वाकत नव्हता. तेव्हा तोही मार्ग बंद झाला.

पहिल्याच भेटीत त्याच्या मेहुण्याने मला सांगितले की, फौजदारी कोर्टात पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरायचे ठरले आहे, म्हणजे एक कटकट मिटेल. भारतीय दंड संहितेच्या कलम 279 मध्ये दंडाची मर्यादा हजार रुपये होती, त्यामुळे सल्ला देणाऱ्याला तो व्यवहार स्वस्तातला वाटला असणार. मी त्यांना ताबडतोब थांबवले, कारण तो कबुलीजबाब ट्रॅक्टरच्या विमा कंपनीच्या वकिलाने दुसऱ्याच आठवड्यात, जिथे भरपाईचा दावा चालतो त्या न्यायाधिकरणासमोर निशाणी म्हणजे पुराव्याचा कागद म्हणून दाखल केला असता आणि त्यानंतर माझ्याकडे युक्तिवाद करण्यासारखे फारसे काही उरले नसते. या एका सोयीस्कर कबुलीने बुडालेले दावे मी पाहिले आहेत.

दाखल करायचे कागद लावताना स्थळ पंचनाम्याची झेरॉक्स मी दोनदा वाचली होती. तिसऱ्यांदा, रात्री घरी जेवण झाल्यावर वाचताना एका ओळीवर थांबले. पंचनामा दुसऱ्या दिवशी पहाटे झाला होता आणि हवालदाराने, कदाचित सवयीने, दिसेल ते सगळे लिहून ठेवले होते. डांबरी रस्त्याची रुंदी 18 फूट, दोन्ही बाजूंना चार-चार फुटांची मुरमाची साइडपट्टी, मागील ट्रॉलीची उजवी बाजू रस्त्याच्या मध्यापासून दोन फूट आत, आणि पुढे : 'मागील ट्रॉलीचा डावा टायर बसलेला असून उजव्या चाकास दगड लावलेला दिसत आहे.' चालत्या ट्रॉलीच्या चाकाला कोणी दगड लावत नाही. फिर्यादीत ट्रॅक्टर 'पुढे जात असलेला' होता. त्याच पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात तो पंक्चर होऊन उभा होता, ट्रॉलीची सातही फूट रुंदी डांबरावर, साइडपट्टी मोकळी सोडून.

अर्जदाराच्या, म्हणजे माझ्या पक्षकाराच्या, उलटतपासाची तारीख लागली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला ऑफिसात बोलावून समजावले की, विचारतील तेवढेच सांगायचे, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचे. खोटे बोल असे मी कोणालाही सांगत नाही, पण जास्तीचे बोलू नको हे मात्र प्रत्येकाला सांगते. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला. विमा कंपनीचे वकील ज्येष्ठ आहेत आणि आवाज न चढवता विचारतात, ते जास्त धोक्याचे.

"हेडलाइट चालू होता?"

"होता साहेब."

"त्याचा उजेड किती लांब पडायचा?"

मी मान खाली घालून कागद चाळत राहिले. तो क्षणभर थांबला, गवंड्याच्या डोळ्याने अंतर मोजावे तसे त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाला, "बल्ब जुना होता. पंचवीस-तीस फूट पडत असेल."

"आणि गाडीचा वेग?"

"पन्नासच्या आसपास."

वकिलांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही, कारण त्यांना विचारण्याची गरज नव्हती. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 45 फूट. तीस फुटांवर ट्रॉली दिसली, तर तिच्यावर आदळण्याआधी त्याच्याकडे पुरता एक सेकंदही नव्हता, आणि माणसाचा पाय ब्रेकवर जायलाच तेवढा वेळ लागतो. उजेडाच्या पल्ल्यात गाडी थांबवता येणार नाही अशा वेगाने आपण जात होतो, हे त्याने दोन साध्या उत्तरांत स्वतःच सांगून टाकले होते. समोरून आलेल्या ट्रॅव्हल्सचा फोकस डोळ्यांवर आला होता, हे त्याने आधी मला सांगितले होते आणि शपथपत्रातही होते, पण त्या दोन आकड्यांपुढे ते फिके पडले.

आपल्याकडे अशा वेळी चुकीची वाटणी होते. अर्जदाराचा जितका वाटा ठरेल तितकी रक्कम कापली जाते. याला मराठीत अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात, आणि बाररूममध्ये नुसते 'कॉन्ट्रिब्युटरी किती लागली?' असे विचारतात. अमेरिकेतील अलाबामा, मेरीलंड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांत मात्र जखमीची थोडीशी जरी चूक निघाली, तरी साधारणपणे संपूर्ण दावाच फेटाळला जाऊ शकतो. तिथे माझ्या गवंड्याचे प्रकरण त्या जुन्या बल्बवरच संपले असते. वाटणीची पद्धत मला न्याय्य वाटते, पण टक्का ठरवण्याचे माप कोणाकडेच नसते हेही खरे आहे.

दोन तारखांनंतर ट्रॅक्टरमालकाने आपल्या चालकाला साक्षीला आणले. बहुतेक प्रकरणांत चालक साक्षीला येतच नाही आणि आम्ही त्याच्या न येण्यावर युक्तिवाद करतो. हा आला, हे आमचे नशीब. सरतपासाच्या, म्हणजे उलटतपासाआधी स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीच्या, शपथपत्रात त्याने ट्रॅक्टर हळू चालवत असल्याचे म्हटले होते. मी फिर्यादीबद्दल, वेगाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. पंचनामा त्याच्यापुढे ठेवून फक्त विचारले, "चाकाला दगड कधी लावला?" तो म्हणाला, "टायर बसला तेव्हा." मालकाच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मग बाकीचे सरळ येत गेले : ट्रॉली अर्धा-पाऊण तास उभी होती, साइडपट्टीवर घेतली असती तर मुरमात रुतली असती, मागे रिफ्लेक्टर होते, पण मोळ्या बाहेर आल्यामुळे ते झाकले गेले होते, मागे झाडाची फांदी किंवा कंदील ठेवला नव्हता, कारण तो जॅक आणायला गेला होता. माणूस प्रामाणिक होता. खरे म्हणजे या प्रकरणातले दोन्ही साक्षीदार प्रामाणिक होते, आणि प्रत्येकाने आपल्याच बाजूचे नुकसान केले.

रकमेचा भाग तुलनेने सोपा गेला. डॉक्टरांनी अपंगत्व 35 टक्के दिले होते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालानुसार पाहायचे असते ते कमाईवर झालेल्या परिणामाकडे. परांचीवर चढता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, असा गवंडी किती गवंडी उरतो, हा तो प्रश्न. न्यायाधिकरणाने 40 टक्के धरले. महिना 12,000 रुपये उत्पन्न, त्यात भविष्यातील वाढीचे 40 टक्के, वयानुसार 16 चा गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा), म्हणजे 12,90,240 रुपये. औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि वेदनांपोटीची रक्कम मिळून एकूण 17,70,240 झाले. ट्रॉलीच्या विम्याबाबतचा आक्षेपही होता; तो टिकला नाही.

निकालात ट्रॅक्टरचालकाकडे 75 टक्के आणि अर्जदाराकडे 25 टक्के चूक टाकली होती. म्हणजे 4,42,560 रुपये कापून 13,27,680 रुपये, अर्ज दाखल केल्यापासून साडेसात टक्के व्याजासह, त्यातील निम्मे मुदत ठेवीत. नक्कल हाती आल्यावर त्याने मला विचारले, "मॅडम, हे चार लाख बेचाळीस हजार त्या हेडलाइटचे का?" मी हो म्हणाले. अपील करावे का यावर आम्ही तासभर बोललो आणि न करण्याचे ठरवले, कारण वरच्या न्यायालयातही तीच दोन उत्तरे पुन्हा वाचली गेली असती आणि वाटा वाढण्याचीही भीती होती. कंपनीनेही अपील केले नाही.

ट्रॅक्टरचालकावर गुन्हा कधी नोंदवलाच गेला नाही. माझ्या पक्षकारावरचा खटला मात्र अजून प्रलंबित आहे. मागच्या तारखेला पंच गैरहजर होते, आणि आरोपी म्हणून त्याचे नाव पुकारले जाईपर्यंत तो कोर्टाबाहेरच्या बाकावर उजवा पाय सरळ समोर पसरून बसला होता.