ओढ्याची तपासणी: बाटलीआधी नकाशा

शहरातून वाहणाऱ्या एका ओढ्याच्या आरोग्याचा अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पाण्याचे नमुने कुठून घेणार, हेच सर्वांनी आधी विचारले. मी मात्र पाणलोट क्षेत्राची सीमा आखण्यापासून सुरुवात केली. कारण कोणत्या जमिनीवरचे पाणी ओढ्यात उतरते हे ठरल्याखेरीज नमुन्यांच्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही. समोच्च रेषांच्या (नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) आधारे जलविभाजक, म्हणजे पाणी दोन बाजूंना वेगळे होते ती सीमा, आखणे सोपे असते, पण शहरात ती रेषा फसवी ठरते. जमिनीखालची पावसाळी गटारे कधीकधी पलीकडच्या उतारावरचे पाणीही इकडे आणतात, त्यामुळे गटारांचे आराखडे नकाशावर बसवल्यावर आमच्या क्षेत्राचा आकारच बदलला. त्यानंतर छपरे, रस्ते, वाहनतळ अशी पाणी न मुरणारी जमीन मोजली. तिचे प्रमाण साधारण १० टक्क्यांपुढे गेले की ओढ्याची प्रकृती ढासळू लागल्याच्या खुणा दिसतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आमचे प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे होते.

पात्रात उतरल्यावर त्याचा परिणाम समोरच होता. पावसाचे पाणी मुरण्याऐवजी एकदम वाहून येत असल्याने ओढा थोड्या वेळात फुगतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. त्या रेट्याने तळ खोल गेला होता, काठ उभे कापले गेले होते आणि झाडांची मुळे उघडी पडली होती. तळाच्या दगडांमधल्या फटी बारीक गाळाने बुजल्या होत्या.

विरघळलेल्या ऑक्सिजनची नोंद मी पहाटेही घ्यायला लावली. याला थोडा विरोध झाला, कारण दुपारचे आकडे समाधानकारक होते. परंतु दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडते आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात, म्हणून सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. शिवाय २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाण्यात मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. आमच्याकडे पहाटेचा आकडा दुपारच्या निम्म्याहूनही कमी आला.

सर्वांत वेळखाऊ, आणि माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह, भाग होता तळातल्या किड्यांचा. बाटलीतले पाणी त्या क्षणापुरते सांगते. दगडाखालची अळी मात्र तिथे कित्येक आठवडे किंवा महिने जगलेली असते. प्रवाहात जाळी धरून वरच्या बाजूचे दगड हलवायचे, सापडलेले जीव पांढऱ्या ताटलीत घेऊन भिंगाखाली ओळखायचे, हे काम डोळ्यांना शिणवणारे आहे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या प्रदूषणाला एकूणच नाजूक असतात. त्यांपैकी मोजक्या फक्त वरच्या टप्प्यात मिळाल्या. खाली घाण पाण्यातही तगणाऱ्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स या बारीक गांडुळासारख्या जीवांचे पुंजके एवढेच होते.

हा बदल नेमका कुठे होतो हे शोधण्यासाठी आम्ही पावसाची उघडीप पाहून काठाने वर चालत गेलो. किमान तीन दिवस पाऊस नसताना पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी येत असेल, तर त्याचा उगम तपासायलाच हवा. विद्युतवाहकतेचे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे, छोटे यंत्र इथे फार उपयोगी पडले: आकडा अचानक चढला की तिथले पाणी अमोनिया आणि डिटर्जंटसाठी तपासायचे. एका तोंडाशी तिन्ही खुणा जुळल्या. सांडपाण्याची जोडणी पावसाळी गटारात असल्याचा तो भक्कम संशय होता.

अहवालात सगळ्याचा मिळून एकच गुण द्यावा असा आग्रह होता. मी तो मानला नाही, कारण पाणी, किडे आणि पात्र यांची दुखणी वेगवेगळी होती आणि उपायही. त्या गटाराची तपासणी पहिली, पावसाचे पाणी वरच्या भागातच अडवून मुरवणे दुसरे, असा क्रम लावला. काठावर झाडे लावण्याची मागणी सर्वांत लोकप्रिय होती. परंतु प्रवाहाचा रेटा कमी होईपर्यंत कोसळत्या काठावरची रोपे टिकणार नाहीत, असे कारण नोंदवून ते काम मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवले.