रंकाळा ते केरी, व्हाया निपाणी

कोल्हापूरहून समुद्रावर जायला निपाणीला जायची काडीचीही गरज नाही. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरा, नाहीतर राधानगरीवरून फोंडा. महाराष्ट्र न सोडता कोकणात पोचता. हे आम्हाला भाऊजींनी सांगितलं, मोबाइलवर नकाशा मोठा करकरून सांगितलं. तरीही बेत ठरला तो असा: रंकाळ्यावरून निघायचं, कागल, कोगनोळी, निपाणी, मग उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, शिरोडा आणि शेवटी तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यातल्या केरीच्या वाळूत पाय टेकायचे. म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात, कर्नाटकातून परत महाराष्ट्रात आणि मग गोव्यात.

"एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?" भाऊजी वैतागले.

कशासाठी, तर मामांसाठी. मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रस्ता म्हटला की ते अजून ड्युटीवर असतात. त्यांचं म्हणणं एकच: "घाट कुठनंबी उतरता येतोय. पण पोरांना हद्द दाखवायची असंल तर निपाणीनंच चला." पोरांनी हद्द फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेली, तुटक रेघ, मध्ये टिंब. त्यांना वाटत होतं तिथे निदान कुंपण तरी असणार.

निघायची जागा रंकाळा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. तसा तो आमच्या वाटेवर नाही, पण कोल्हापूरकर शुभकार्य रंकाळ्याला बगल देऊन करत नाही. पहाटेच्या वेळी पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा धूसर दिसतो, कठड्याजवळून चालणारी मंडळी एकमेकांचे गुडघे विचारत असतात. इथल्या नंदीबद्दल सांगतात की तो रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. ज्या दिवशी रंकाळ्यापाशी पोचेल त्या दिवशी जगबुडी. आमच्या घरातले बेतही साधारण याच वेगाने पुढे जातात.

तारीख ठरवताना मामांनी पहिली अट घातली ती एक नोव्हेंबर टाळण्याची. १९५६ साली त्या दिवशी भाषावार राज्यं झाली आणि निपाणी, बेळगाव, कारवार हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातले मराठी लोक तो दिवस काळा दिन म्हणून पाळतात. कोल्हापूरहून तिकडे निघालेल्या पुढाऱ्यांना कर्नाटकचे पोलीस कोगनोळीला अडवतात आणि मागे आमच्यासारखे सहलीला निघालेले गाड्यांच्या रांगेत बसून राहतात. डिसेंबरात कर्नाटकाचं विधिमंडळ बेळगावात भरतं, तेव्हाही तीच तऱ्हा. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसट्या बंद. "मग आमची गाडी कागलातनंच फिरायची," मामा सांगतात. "बाजाराला निघालेली माणसं खाली उतरायची आन् मलाच शिव्या घालायची. जसं काय हद्द मीच आखलीया."

एरवी कोगनोळीला काय दिसतं? दूधगंगेवरचा पूल जातो, टोलनाका येतो, पाट्यांवरची अक्षरं गोल गोल होतात. आणि पेट्रोल लिटरमागे थोडं स्वस्त होतं. हे शेवटचं कलम कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. टाकी कागलच्या अलीकडे भरणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर त्याचा काटा खरोखरच तळाला टेकलेला असतो. बाकी ऊस तोच, काळं रान तेच, आणि निपाणीच्या बाजारात उतरलात तर भाव मराठीतच करायचा. याच हायवेवर १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी ठिय्या दिला होता. तंबाखूला भाव मिळावा एवढंच मागणं होतं. सीमेचा दावा तर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. धाकट्याने विचारलं, "मग निकाल लागला की रस्ता हलणार का?" त्याला मामांनी खिशातली गोळी दिली, उत्तर दिलं नाही.

निपाणीहून उत्तूरला वळलं की थोड्या वेळात परत महाराष्ट्र. हा फाटा मला या सगळ्या बेतात सर्वांत आवडलेला, कारण पुढे हिरण्यकेशी भेटते. आजऱ्याला रामतीर्थाजवळ ती खडकांवरून उड्या घेते. तिथे न्याहारी असं ठरलंय: घरची भाकरी, झुणका, आणि येताना आजरा घनसाळ घ्यायचा, कारण त्या तांदळाचा वास पोत्यातूनसुद्धा येतो आणि नुसत्या वरणाबरोबर खाल्ला तरी जेवण झाल्यासारखं वाटतं.

ही नदी उगम पावते आंबोलीला. तिथल्या गुहेसमोर एक कुंड आहे. त्या पाण्यात सापडलेल्या चिमुकल्या माशाला २०२० साली शास्त्रज्ञांनी नदीचंच नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी; पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आता गंमत बघा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत हाकेवर. तरी हिरण्यकेशी त्याच्याकडे पाठ फिरवते. आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला कर्नाटकात शिरते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. आम्ही समुद्र गाठायला पश्चिमेला धावणार आणि वाटेतली नदी उलट्या दिशेने दुसरा समुद्र गाठायला निघालेली. ना टोल, ना नाका, ना एक नोव्हेंबर.

आंबोलीचा घाट पावसाळ्यात न करण्याबद्दल मी ठाम होते. धबधब्याखाली शर्ट काढून नाचणारी गर्दी, अधूनमधून सुटणारी दरड आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडून काहीही दिसू न देणारं धुकं, याला निसर्गदर्शन म्हणायला माझी तयारी नाही. पाऊस संपल्यावर, गवत पिवळं पडायच्या आत जायचं.

खाली सावंतवाडीत मोती तलाव. इथे थांबायचं ते राजवाड्यात गंजिफा बघायला. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, गोल, हाताने रंगवलेले, एकेका अवताराचे बारा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे देव तळहातावर मावतात. लाकडी आंबे-केळी चितारआळीत मिळतील, त्यासाठी अर्धा तास. वन्स जास्त मागतील, मिळणार नाही.

खरा वाद पेटला तो इथून पुढचा. गोव्यात शिरायचं कुठून? भाऊजींचा रस्ता सरळ: बांदा, पत्रादेवी, चौपदरी हायवे. मामांचा रस्ता शिरोडा, रेडी करत तेरेखोल. दोन्हींना कारणं आहेत. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही निःशस्त्र आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. तिथे स्मारक आहे. तेरेखोलच्या किल्ल्यावर त्याआधी वर्षभर, १९५४ च्या १५ ऑगस्टला, सत्याग्रहींनी तिरंगा लावला होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही परदेशाची हद्द होती. आज हायवेवर डुलकी लागलेल्या माणसाला ती कधी गेली हे कळतही नाही; आणि दोन्हीकडे आपलंच राष्ट्रगीत असलेली कोगनोळीची हद्द मात्र सत्तर वर्षांनीही ठसठसते. मामांना पोरांना दाखवायचं होतं ते बहुधा हेच, पण ते असलं काही बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हेत.

बोलले ते वेगळंच: "फेरीबोट हाय तिकडं." संपला वाद. पोरं मामांच्या बाजूला.

तेरेखोलचा भूगोलही मजेशीर आहे. नदी ही दोन राज्यांमधली हद्द असेल असं आपण धरून चालतो, पण तेरेखोल गाव आणि किल्ला नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या काठावर असूनही गोव्यात. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला, तेव्हापासून हा तुकडा तिकडचाच. म्हणजे आधी गोवा लागणार आणि मग नदी. गाडी फेरीबोटीवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, खाली उतरून कठड्याला टेकायचं. डावीकडे खाडी, उजवीकडे उघडा समुद्र, आणि पलीकडे केरीचं सुरूचं बन.

येताना इन्सुलीला एक्साइजवाले डिकी उघडायला लावतात, तेव्हा डिकीत काय असावं आणि काय नसावं हे भाऊजींना स्वतंत्रपणे समजावण्यात आलं आहे.

आता राहिला वार. सोमवारी आईला मासे चालत नाहीत, गुरुवारी वन्संना, शनिवारी दोघींना. शुक्रवार धरला तर दुसऱ्या दिवशी शनिवार येतो. मंगळवारी निघावं तर नेमकी अंगारकी, म्हणजे उपास तर आहेच, शिवाय रेडीच्या गणपतीला रांग. रविवारी फेरीबोटीवर जागा मिळायची नाही, असं मामांचं भाकीत. तेव्हा बुधवार. भाऊजींनी रजेचा अर्ज टाकलाय.