ग्वानाह्वातो: गाड्या खाली, माणसं वर

आज दिवसभर ग्वानाह्वातोत पायपीट, पोटऱ्या पार भरून आल्यात! मेक्सिकोतलं हे चांदीच्या खाणींचं जुनं शहर, पूर्वी पुरानं हैराण व्हायचं म्हणून नदी वळवली आणि तिच्या जुन्या पात्रातून आता गाड्या धावतात, वर गल्लीबोळात आपण निवांत (मॅप वगैरे विसरा, सरळ कुणालातरी विचारा). अलोंदिगा म्हणजे धान्याचं कोठार, १८१० मध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी जिंकलं आणि १८११ ला स्पॅनिशांनी त्यांचा नेता इदाल्गोसकट चौघांची मुंडकी त्याच्याच चार कोपऱ्यांवर टांगली, ते हूक अजून तिथंच आहेत, बघून काटा आला अंगावर. कायेहोन देल बेसो (म्हणजे ‘चुंबनाची गल्ली’, एक अरुंद बोळ) मात्र ओव्हररेटेड, नुसती सेल्फीवाल्यांची गर्दी. त्यापेक्षा रात्री जुन्या पद्धतीच्या काळ्या पोशाखातली पोरं गात-वाजवत सगळ्यांना गल्ल्यांतून फिरवतात ना, तिथं जाच!